शेवटी येणाऱ्याची बादली

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. एक टेकडी मनात आणा. फार उंच नको, चढताना जरा धाप लागेल एवढी पुरे. टेकडीवर एक चर्च आहे, पण त्याला छप्पर नाही. कुणाच्या तरी पणजोबांच्या काळात सैनिकांनी ते पेटवून दिलं, आत माणसं असताना. नंतर छप्पर पुन्हा कुणी घातलं नाही. भिंती तेवढ्या उभ्या आहेत आणि खिडक्यांमधून कावळे ये-जा करतात. चर्चच्या भोवती गवत, गवतात थडगी, आणि थडग्यांभोवती छातीइतक्या उंचीची दगडी भिंत. आता त्या भिंतीत एक लाकडी फाटक बसवा. अरुंद ठेवा हं. एका वेळी एकच शवपेटी आत जाईल, इतकं अरुंद. आपली सगळी गोष्ट त्या फाटकात अडकणार आहे.

बसवलंत? मग आता फाटकाशी एक मुलगी उभी करा. दहा वर्षांची, अनवाणी, अंगात लाल लोकरीचा घागरा. तिचं नाव साइव ट्वोमी. आयर्लंडच्या दक्षिणेला किलकारा नावाच्या गावात ती राहायची.

साइवला अक्षरं वाचता येत नव्हती, पण ते आवार तिला पाठ होतं. शिकवणारी पेगआजी. ही साइवच्या आजोबांची बहीण. कुणी मेलं की त्याच्या उशाशी बसून, त्याचे गुण आणि खोडी सुरात गात रडायचं, हे पेगआजीचं काम. त्यासाठी तिला गावोगावहून बोलावणं यायचं. असं रडायचं तर कोण कुणाचा कोण हे ठाऊक हवं. म्हणून रविवारी दुपारी ती साइवचा हात धरून थडग्यांमधून हिंडायची आणि विचारत जायची.

“हा मधला लांबट उंचवटा कुणाचा गं?”

“चर्चमध्ये जळाले त्यांचा.”

“आणि त्यांच्या पायाशी?”

“सैनिकाचा. आग लावताना भिंत त्याच्याच अंगावर पडली.”

“मग त्याला आपल्यात कसा पुरला?”

“तो पाणी मागत मेला म्हणून. पाणी मागत मेलेल्याला बाहेर टाकत नाहीत.”

“शाबास. आणि ही फाटकाजवळची, भिंतीला लागून असलेली रांग?”

इथे साइवचा आवाज बारीक व्हायचा. “मारामारीतले.”

ती मारामारी कसली, तेही सांगायला हवं. किलकारात जो सर्वांत शेवटी पुरला जाई, त्याच्यावर एक काम येई. पुढचं मयत येईपर्यंत बाकीच्या सगळ्या मेलेल्यांना त्याने पाणी पाजायचं. मेलेल्यांना फार तहान लागते, असं तिथे मानत. विहीर टेकडीच्या खाली. म्हणजे दिवसरात्र बादली घेऊन उतरायचं आणि चढायचं. पुढचं मयत फाटकातून आत आलं, की बादली त्याच्या हाती देऊन आधीचा मोकळा. याची एरवी कुणी तक्रार करत नसे. पाळी काय, सगळ्यांनाच येते. पण एकाच दिवशी दोन मयतं निघाली, की गावाचं डोकं फिरायचं. कारण जो आधी आत गेला तो एक बादलीही न उचलता सुटला, आणि मागे राहिलेला राबला. मग दोन्हीकडचे पुरुष काठ्या घेऊन निघायचे, बायका लोकरी मोज्यात दगड भरून निघायच्या, आणि फाटकात डोकी फुटायची. त्यात कुणी मेलाच, तर दोन दिवसांनी तोही इथेच यायचा. मग बादली आपोआप त्याच्याकडे.

“या रांगेतल्या प्रत्येकाने कुणाला तरी सोडवलंय,” पेगआजी म्हणायची. “स्वतःहून मात्र एकानेही नाही.”

त्या वर्षी वसंतात गावात ताप शिरला आणि साइवची आई ओनोरा अंथरुणाला खिळली.

ट्वोमींचं घर उंचावर, विहीर खाली. लग्न होऊन आल्या दिवसापासून ओनोरा दोन बादल्या घेऊन ती चढण चढत होती. सासऱ्याने, म्हणजे थोरल्या रोरीने, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “ट्वोमींच्या घरात पुरुष पाणी भरत नाही.” रोरी मेला, तरी त्याचं ते वाक्य घरात राहिलं. ओनोराच्या दोन्ही तळव्यांवर कडीचे घट्टे होते. साइवला झोपवताना ती हात फिरवायची, तेव्हा ते केसांत अडकायचे.

शेवटच्या दिवशी तापात तिने साइवचं मनगट धरलं. “एवढंच सांग गं मला. तिथेही मलाच पाणी भरायला नाही ना लावणार?”

“नाही आई. तुला मी आधी आत नेईन. शेवटची ठेवणार नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

ओनोरा रविवारी गेली. किलकारात सोमवारी कबरीसाठी माती उकरत नाहीत, म्हणून दफन मंगळवारवर गेलं.

मंगळवारी सकाळी पेगआजी साइवला घेऊन टेकडीवर आली. तिच्या काखेत स्वच्छ तागाचं कापड होतं. ट्वोमींचे सगळे एकाच जागी पुरलेले, त्यामुळे नवा खड्डा खणताना जुनी हाडं वर यायचीच. ती गोळा करून कापडात बांधायची आणि नव्या पेटीशेजारी पुन्हा ठेवायची, हे घरच्या बायकांचं काम.

खणणाऱ्या शेजाऱ्याने मातीतून एक कवटी वर दिली. पेगआजीने ती घागऱ्याला पुसली आणि डाव्या भुवईच्या जागी बोट ठेवलं. तिथे अंड्याएवढा खळगा होता.

“हा बघ तुझा आजोबा. नमस्कार कर.”

“थोरले रोरी?”

“दुसरं कोण? हा खळगा म्हाताऱ्या कॉटरच्या दगडाचा. एवढा दगड खाऊन मेला नाही मेला! उलट जत्रेत जाऊन लोकांना त्यात बोट घालायला लावायचा.”

“आजी, यांनी किती दिवस पाणी भरलं?”

पेगआजी हसली. समोरचा एकच दात दिसला. “याने? एक थेंब नाही. हा गेला त्याच दिवशी बार्ट कॉटरची आजी गेली. आपल्या लोकांनी याची पेटी भिंतीवरून आत फेकली, फाटकातून येऊन पेटीला हात लावला, आणि ‘आम्ही आधी’ म्हणून ओरडले. ती बिचारी ऐंशीची म्हातारी, शिशिरापासून उन्हाळ्यापर्यंत बादली वाहत होती. त्या साली दुसरं कुणी मेलंच नाही ना. कॉटर ते विसरलेले नाहीत.”

साइवने कवटी हातात घेतली. वाटली होती त्याहून हलकी निघाली. ती घेऊन ती उजेडाला, फाटकाच्या दिशेने दोन पावलं गेली, तशी पेगआजी एकदम ओरडली.

“ए! तिकडे नको नेऊस! गिरणीवाल्या हेफर्नानचं माहीत नाही का तुला? त्याची मांडी कुत्र्याने पळवली आणि पार रस्त्यावर नेली. बाहेर गेलेला पुन्हा आत आला की तो नवा धरतात. बिचाऱ्याला दुसऱ्यांदा पाणी भरावं लागलं, तेही कुत्र्यापायी.”

साइवने कवटी मुकाट्याने कापडात ठेवली. तेवढ्यात आवाराच्या दुसऱ्या टोकाला तिला आणखी एक फावडं चालताना दिसलं. तिथे कॉटरांची जागा होती. खड्डा फारच लहान होता.

“आजी, ते कुणाचं?”

शेजारी फावड्यावर रेलला. “बार्टच्या ओवनचं. काल रात्री गेला. तोच ताप. तापाचं पोर घरात ठेवत नाहीत, आजच आणतायत.”

बार्टचा हा मुलगा, ओवन कॉटर, सहा वर्षांचा होता. विहिरीवर पत्र्याचा डबा घेऊन यायचा. डबा भरला की त्याला उचलता यायचा नाही, म्हणून ओनोरा तो अर्धाच भरून द्यायची आणि म्हणायची, “जा रे, राजा. उरलेला उद्या.” कॉटर आणि ट्वोमी एकमेकांशी बोलत नसत, पण विहिरीवर हे चालायचं.

साइव घरी आली तेव्हा तिचा काका फिनीन चुलीच्या धुरावर काठ्यांना तूप चोळत बसला होता. काट्याच्या झाडाच्या, गाठींच्या, काळ्या काठ्या. तिचा बाप डोनल आईच्या पेटीजवळ खाली मान घालून उभा होता.

“पोर आहे रे ते, फिनीन,” डोनल म्हणाला. “सहा वर्षांचं.”

“म्हणूनच सांगतोय! आपल्याला पेटीला चार माणसं लागणार. बार्ट ते खोकं काखेत मारून हरणासारखा पळेल.”

“पळू दे.”

“पळू दे? बरं. मग तसं सांग ना! वहिनीच्या हातात बादली द्यायचीय म्हणावं. मी घरी बसतो, बटाटे सोलतो, काय?”

डोनलने साइवकडे पाहिलं.

“मी आईला शब्द दिलाय, बाबा,” साइव म्हणाली.

डोनलने हात पुढे केला आणि फिनीनने त्यात काठी ठेवली. शब्द तिने दिला होता, पण तो पाळायचा कसा, हे आता काठी ठरवणार होती.

फादरांनी घरी प्रार्थना म्हटली, पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं आणि ते घोड्यावर बसून उलट्या दिशेने निघून गेले. मागे एकदा ते चाबूक घेऊन फाटकात मध्ये पडले होते आणि दोन दात तिथेच सोडून आले होते.

टेकडीच्या पायथ्याशी दोन रस्ते एकत्र येतात. ट्वोमींची माणसं एका रस्त्याने आली, कॉटरांची दुसऱ्या. आधी सगळे नेहमीच्या संथ चालीने चालत होते. पेगआजी पुढे राहून ओनोराच्या हातांचं, तिच्या घट्ट्यांचं गाणं रडत होती. मग कुणीतरी एक पाऊल मोठं टाकलं. समोरच्याने दोन टाकली. आणि पुढच्याच क्षणी दोन्ही मयतं धावत सुटली.

पेटी खांद्यावर घेऊन धावणारी चार माणसं तुम्ही पाहिली नसतील. पेटी डावीकडे कलते, उजवीकडे कलते, आत काहीतरी आपटतं. साइव मागून धावत होती आणि तो आवाज ऐकत होती. पलीकडून बार्ट कॉटर निघाला होता. लाल दाढीचा थोराड माणूस, काखेत पांढरी लहान पेटी, तोंड उघडं. तो खरंच हरणासारखा पळत होता.

“अडवा त्याला!” फिनीन ओरडला आणि काठी आडवी फिरवली. ती बार्टच्या गुडघ्यांवर बसली. बार्ट तोंडावर आपटला. लहान पेटी हातातून सुटून उडाली आणि भिंतीच्या पायथ्याशी खाजकुयल्यांच्या रानात जाऊन पडली. ओवनची आई किंचाळली. त्या किंकाळीनंतर कुणीच माणसात राहिलं नाही.

काठ्या काठ्यांवर आपटायला लागल्या, मग हाडांवर. बार्टच्या भावाने फिनीनच्या हातावर घाव घातला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि फिनीनचं मनगट भलत्याच दिशेने लोंबायला लागलं. तरी त्याने दुसऱ्या हाताने त्याचा कान धरला आणि ओढला. कान पूर्ण नाही, पण बराचसा हातात आला. एका बाईने दगड भरलेला मोजा गरगर फिरवून शेजाऱ्याच्या जबड्यावर मारला. तोच शेजारी, ज्याने सकाळी खड्डा खणला होता. तो बसला आणि ओंजळीत दात मोजल्यासारखा बघत राहिला. पेटी धरणाऱ्यांपैकी दोघे पडले. पेटी चिखलात आदळली, झाकण एका बाजूने उचकटलं, आणि आईचे केस बाहेर आले. कुणाचा तरी बूट त्या केसांवर पडला आणि तसाच पुढे गेला.

“भिंतीवरून टाका!” फिनीन ओरडत होता. “पेटी भिंतीवरून टाका रे! साइव, तू आत पळ! खड्ड्याशी उभी राहा आणि पेटीला हात लाव!”

फाटकात माणसांचा गठ्ठा झाला होता. साइव पायांमधून रांगत गेली. कुणीतरी तिच्या बोटांवर उभं राहिलं, कुणाचं तरी गरम रक्त तिच्या मानेवर ठिबकलं. ती आत गेली, उठली आणि धावत खड्ड्याशी पोचली.

आत शांत होतं. म्हणजे आरडाओरडा ऐकू येत होता, पण भिंतीपलीकडून, दुसऱ्याच कुठल्या गावातला असावा तसा. कावळे खिडकीत बसले होते. साइवने मागे वळून पाहिलं, तेव्हा फाटकाजवळची ती रांग तिच्यासमोर आली. शेवटच्या उंचवट्यापुढे गवत सपाट होतं. एका माणसापुरती जागा होती.

फाटकाच्या फळ्यांमधून तिला तिचा बाप दिसला.

डोनल उताणा पडला होता. कपाळ फुटून डोळे रक्ताने भरले होते. बार्ट त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसला होता आणि दोन्ही हातांनी भिंतीतला एक दगड उचलून धरला होता. बार्ट रडत होता. पण बोलत मात्र अगदी हळू होता, बाजारात दोघे शेजारी बोलतात तसा.

“हे बघ, डोनल. तू आज मेलास तर गुरुवारी तुला पुरतील. माझं पोर सुटेल. तुझी बायकोही सुटेल. त्याला ती बादली झेपणार नाही रे. डबासुद्धा झेपत नव्हता.”

आणि साइवने पाहिलं, की तिच्या बापाने झटापट थांबवली. त्याने हात बाजूला गवतावर ठेवले.

“मार मग,” तो म्हणाला. “पण तेवढं ओनोराला धड आत ने. चिखलातून उचल तिला.”

साइवने खाली पाहिलं. पायाशी तागाचं गाठोडं होतं. सकाळी हातात धरलेली ती हलकी कवटी आठवली, आणि गिरणीवाल्याची मांडी आठवली, आणि पेगआजीचा आवाज: बाहेर गेलेला पुन्हा आत आला की तो नवा धरतात.

तिने गाठ सोडली. कवटी काढली आणि छातीशी धरली. फाटकातून जाणं शक्यच नव्हतं. जिथे भिंतीतून तीन दगड पायऱ्यांसारखे बाहेर आलेले आहेत, तिथे ती चढली आणि पलीकडे खाजकुयल्यांमध्ये उडी मारली. पायांची आग आग झाली. शेजारीच ओवनची पांढरी पेटी कुशीवर पडली होती. ती ओलांडून साइव धावली आणि बापाच्या डोक्याशी जाऊन गुडघ्यांवर पडली. तिने दोन्ही हात वर केले, बार्टच्या तोंडासमोर.

दगड खाली येता येता थांबला.

बार्टने त्या खळग्याकडे पाहिलं. किलकारात तो खळगा न ओळखणारा माणूस नव्हता, आणि कॉटरांच्या घरात तर नव्हताच. तो पाडणारा हात त्याच्याच आजोबांचा होता.

“हे काय?” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“थोरले रोरी,” साइव म्हणाली. “मी त्यांना बाहेर काढलंय. भिंतीच्या बाहेर. आता ते पुन्हा आत जाणार. सगळ्यांच्या नंतर.”

“काय?”

“ओवन जाऊ दे. मग आई जाऊ दे. मग मी यांना नेते. हे शेवटचे.”

बार्ट दगड धरून तसाच बसला. त्याच्या दाढीतून थेंब थेंब काहीतरी गळत होतं, रक्त किंवा दुसरं. मग त्याच्या छातीतून एक विचित्र आवाज निघाला. साइवला वाटलं तो आता ओरडणार. पण तो हसत होता. गुरगुरल्यासारखा, दुखल्यासारखा, खांदे हलवत हसत होता.

“रोरी ट्वोमी,” तो म्हणाला. “बादली घेऊन! अरे ऐकलंत का? थोरला रोरी पाणी भरणार म्हणते ही पोरगी!”

बार्टचा भाऊ अर्ध्या कानावर हात दाबून वळला. फाटकातला गठ्ठा सैल झाला. मोजा फिरवणाऱ्या बाईचा हात हवेतच राहिला. पण फिनीन मोडलेला हात पोटाशी धरून लंगडत पुढे आला.

“खाली ठेव ते! बाप आहे तो आमचा! ट्वोमींच्या घरात पुरुष...”

“गप रे, फिनीन,” भिंतीला टेकून बसलेली पेगआजी म्हणाली. तिचा राहिलेला एक दातही गेला होता आणि ती रक्त थुंकत बोलत होती. “तुझा बाप असेल, माझा भाऊ आहे. त्याची लंगोटीसुद्धा मी धुतलीय. हा जन्मला तेव्हापासून बायका याला पाणी आणून देतायत. भरू दे की आता त्याला.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक?” पेगआजीने रस्त्यावर पडलेल्या, कण्हणाऱ्या माणसांवरून बोट फिरवलं. “लोकांच्या तोंडात बोलायला दात कुठे ठेवलेत तुम्ही?”

बार्टने दगड बाजूला टाकला. तो डोनलच्या छातीवरून उठला, पण त्याला हात मात्र दिला नाही. इतक्या लवकर काही मिटत नाही, मुलांनो. तो खाजकुयल्यांमध्ये शिरला, पांढरी पेटी उचलली आणि तिच्यावरचा चिखल बाहीने पुसत फाटकातून आत गेला. कुणी त्याला अडवलं नाही. कॉटर त्याच्या मागे गेले. मग साइवच्या बापाने चाचपडत आईचे केस गोळा केले, पेटीत आत ठेवले, झाकण दाबून बसवलं, आणि तीन ट्वोमींनी आणि एका शेजाऱ्याने पेटी उचलली. आता कुणी धावलं नाही. फाटकात पेटी थोडी अडकली, तेव्हा आतून एका कॉटरने निमूटपणे फळी धरून ठेवली.

फाटकाबाहेर आता एकटी साइव राहिली. तिच्या पायांवर फोड उठले होते, बोटं सुजली होती. आत दोन्ही खड्ड्यांभोवती उभी असलेली सगळी फुटकी डोकी तिच्याकडे वळली होती. पेगआजीही उठून आत गेली होती आणि मान हलवून खुणावत होती.

साइव लगेच आत गेली नाही.

ती वळली आणि टेकडी उतरून विहिरीपाशी गेली. ताप आला त्या दिवशी आईच्या हातातून सुटलेली बादली अजून तिथेच, काठाशी पडली होती. साइवने ती भरली. काठोकाठ भरली, आई भरायची तशी. एका हातात बादली आणि दुसऱ्या काखेत थोरला रोरी, अशी ती चढण चढायला लागली. दर चार पावलांवर तिला थांबावं लागत होतं. वरून कुणी मदतीला आलं नाही. तसं करायला परवानगी आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

फाटकाशी येऊन तिने श्वास घेतला. बादलीची कडी कवटीच्या जबड्यात अडकवून पाहिली. जबडा होताच कुठे, ती निसटली. मग तिने बादली फाटकाच्या आत, उंबऱ्याला लागून ठेवली आणि कवटी दोन्ही हातांत घेऊन तोंडासमोर धरली.

“चला आजोबा,” ती म्हणाली. “खाली विहीर आहे. रस्ता तुम्हाला कुणी दाखवलेला नाही, म्हणून सांगते.”

आणि आत पाऊल टाकून तिने टाचेने फाटक मागे लोटून दिलं.